ठराव क्रमांक अकरा

आकाराम खवरे आमच्या गावचा पाटकरी होता. चोवीस वर्षं त्यानं कासारमळीच्या शेतांना पाणी सोडलं आणि पाणी मिटलंही. सोडलेलं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मिटलेलं मात्र प्रत्येकाच्या ध्यानात आहे.

कासारमळी कोडोलीपासून अडीच कोसांवर, वारणेच्या काठाला. नदी खाली आणि शेतं वर माळावर. म्हणून एकोणनव्वद साली चारशे बारा सभासदांनी मिळून पाणीपुरवठा संस्था काढली. नदीवर पाणी उपसायला जॅकवेल बांधली, मोटरी बसवल्या, माळापर्यंत पाइप नेले. पाइपांवर जागोजाग सिमेंटचे चेंबर, चेंबरात व्हॉल्व्ह. ज्याची पाळी त्याचा व्हॉल्व्ह उघडायचा, तास भरले की मिटायचा. हे काम पाटकऱ्याचं. आकाराम या कामावर लागला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. बुटका, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. पाइपाला कान लावून तो सांगायचा, "वरच्या अंगाला हवा धरलीया." आणि धरलेली असायची.

मी गावच्या हायस्कुलात एकतीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. माझी माळावर एकरभर जमीन आहे, म्हणून मीही सभासद. पुढं जे सांगतोय ते माझ्या डोळ्यांदेखत झालंय. जे डोळ्यांदेखत झालं नाही, ते आकारामनंच मला सांगितलंय.

संस्थेचे चेअरमन दौलतराव शिंगटे. सगळे त्यांना बापूसाहेब म्हणत. ब्याण्णव साली खुर्चीत बसले ते सव्वीस वर्षं उठले नाहीत. त्यांनी कधी कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. उंच, पांढरंशुभ्र धोतर, आवाज इतका हळू की ऐकायला माणसाला पुढं वाकावं लागायचं. वार्षिक सभा दरवर्षी व्हायची. सेक्रेटरी विषय वाचायचा, पुढच्या दोन रांगांतली माणसं "मंजूर, मंजूर" ओरडायची, आणि चहा येईपर्यंत सगळे विषय संपलेले असायचे. दर पाच वर्षांनी निवडणूक लागायची आणि बिनविरोध व्हायची. उभं राहायचं कुणी मनात आणलं, की त्याच्या चेंबरातला व्हॉल्व्ह 'दुरुस्तीला' निघायचा. उन्हाळ्यात दोन पाळ्या चुकल्या की ऊस करपतो. मग तो माणूस आपण होऊन बापूसाहेबांच्या वाड्यावर जायचा, पाया पडायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पुरी व्हायची.

ही दुरुस्ती आकारामच्या हातून व्हायची. सकाळी जॅकवेलवर बापूसाहेबांचा गडी एक चिठ्ठी आणून द्यायचा. कागदावर दोन ओळी, त्यांच्याच वळणदार अक्षरात: अमक्याचा मळा, दुरुस्तीसाठी बंद ठेवणे. खाली सही नसायची. पाणी सोडायचं झालं की तोंडी निरोप यायचा. आकाराम चिठ्ठी वाचायचा, व्हॉल्व्ह मिटायचा आणि ती चिठ्ठी मोटरघरातल्या तारेला टोचून ठेवायचा.

"का ठेवायचास रे?" मी त्याला एकदा विचारलं.

"भ्या वाटायचं गुरुजी. उद्या म्हणालं असतं, मी ह्याचं सांगितलंतं, तू त्याचं का बंद केलंस? म्हणून ठेवायचो. दुसरं मनात काय न्हवतं."

सन दोन हजार बाराच्या सभेत बाहुबली मगदूम उठून उभे राहिले. मगदूम म्हणजे गावातलं जुनं जैन घर. जमीन चोख कसणारी, कुणाच्या अध्यात न मध्यात. बाहुबली आण्णांनी हात जोडून एवढंच विचारलं, "मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचून दाखवा की. आमी काय मंजूर केलंय ते आमास्नी कळूं दे." बापूसाहेब हसले आणि सेक्रेटरीला म्हणाले, "आण्णांना घरपोच द्या."

प्रोसिडिंग काही आलं नाही. फेब्रुवारीत चिठ्ठी आली. मगदूम, वरचा मळा, दुरुस्तीसाठी बंद ठेवणे.

आकाराम त्या घरचं पाणी प्यालेला. चेंबर त्यांच्या बांधाला लागूनच होता, त्यामुळं पाळीच्या दिवशी बाहुबली आण्णांची बायको, सीताबाई, त्याला हाक मारून चहा द्यायची. तिला तो अक्का म्हणायचा. त्या सकाळी त्यानं व्हॉल्व्ह मिटला तेव्हा ती दारातच उभी होती. "काय झालं रं?" म्हणाली. तो म्हणाला, "दुरुस्ती हाय." ती म्हणाली, "किती दिस?" त्यानं चेंबराचं झाकण लावलं आणि पुढच्या चेंबराकडं निघाला.

तीन महिने. बाहुबली आण्णा वाड्यावर गेले नाहीत. बाकी सगळे जायचे, ते गेले नाहीत. रोज पहाटे उठून चेंबरापाशी जायचे, झाकण उचलून आत बघायचे आणि परत यायचे. सव्वा एकर ऊस आणि हळदीचं बेणं करपून गेलं. मेमध्ये निरोप आला, पाणी सोडा. सोडलं, पण तोवर शेतात सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढच्या वर्षी आण्णा झटक्यानं गेले. डॉक्टर म्हणाले हार्ट. तिथून पुढं पाळीच्या दिवशी आकारामला सीताबाईची चहाची हाक आली नाही.

"गुरुजी," आकाराम मला म्हणाला होता, "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती माझ्याकडं बघायचीच न्हाय. मी म्हंजे जणू त्या चेंबरातलंच लोखंड."

यशराज नलवडे गावात आला तो दोन हजार सोळाला. आमच्याच गावचा मुलगा, माझा विद्यार्थी. कोल्हापुरात वकिली करायचा, शिवाजी पेठेत घर घेतलेलं. हुशार, गोरागोमटा, बोलायला लागला की माणसं काम टाकून ऐकायची. म्हणाला, संस्था चारशे बारा जणांची आहे, एकाची नाही. म्हणाला, निवडणूक झालीच पाहिजे, मतदान झालंच पाहिजे. मी वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला जे शिकवत होतो तेच तो बोलत होता, आणि मला फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

पण नुसत्या बोलण्यानं बापूसाहेब हलणार नव्हते. सहायक निबंधकांकडं तक्रार द्यायला पुरावा हवा होता. पाणी चेअरमनच्या हुकमानं बंद होतं, हे सांगणारा माणूस हवा होता. असा माणूस गावात एकच होता. यशराज तीन वेळा आकारामच्या घरी गेला. त्याची बायको चिमणाबाई दारातूनच म्हणायची, "आमास्नी ह्यात वडू नगा. आमचं पोट हाय त्यांच्या हातात." चौथ्यांदा यशराजनं वेगळं सांगितलं. म्हणाला, "तात्या, माझ्याकडे येऊ नका. सीताबाईंकडे जा. त्यांना काय ते सांगा. मग माझ्याकडे यावंसं वाटलं तर या."

आकाराम गेला. सीताबाई धार काढत होती. तो गोठ्याच्या दाराशी उभा राहिला.

"अक्का, तुमचं पाणी मी बंद केलंतं."

"ते मला ठावं न्हाय व्हय?" ती मागं न बघता म्हणाली.

"दुरुस्ती न्हवती. चिठ्ठी आलती."

मग तिनं बादली बाजूला ठेवली. "चिठ्ठी आली म्हणून बंद केलंस. आण्णा रोज पहाटं यायचं, तुझ्या मोटरघराकडं बघत उभं ऱ्हायचं. तवा एक डाव तरी सांगायचंस की त्यास्नी, आण्णा, माझ्या हातात न्हाय. तेवढ्यानं ते वाड्यावर गेलं नसतं. पण आपल्या मागं कुणीतरी हाय, एवढं तरी त्यास्नी वाटलं असतं."

आकाराम तिथंच खाली बसला. उठला तो तडक मोटरघरात गेला, तारेवरच्या चिठ्ठ्या काढल्या, कापडात बांधल्या आणि दुपारच्या एस.टी.नं कोल्हापूरला गेला. यशराजच्या हातात त्या त्यानं जशाच्या तशा दिल्या. झेरॉक्स काढायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. यशराजच्या डोक्यात आलं असणार, पण तो काही बोलला नाही. त्यानं आकारामला मिठी मारली. "तात्या, तुम्ही गाव सोडवलंत," म्हणाला.

त्याच आठवड्यात आकारामनं प्रतिज्ञापत्रावर सही केली. त्यात पहिलं वाक्य होतं: सभासदांचे पाणी मी माझ्या हाताने बंद केले. दुसरं वाक्य होतं: ते मी चेअरमन श्री. दौलतराव शिंगटे यांच्या लेखी आदेशावरून केले. पुढं कोणाकोणाचं आणि कधी, हे सगळं त्यानं तोंडपाठ सांगितलं. यशराजनं तक्रारीला एवढंच जोडलं; चिठ्ठ्या पुढच्या चौकशीसाठी म्हणून स्वतःकडं ठेवल्या.

बापूसाहेबांनी त्याला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. त्यांनी फक्त त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि गावानंही टाकलं. चिमणाबाईचं दळण गिरणीतून न दळताच परत आलं, लग्नाची आमंत्रणं थांबली. आठ महिने हे चाललं. मग सहायक निबंधकांचा हुकूम आला, निवडणूक निवडणूक-अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घ्यायची. गावात फलक लागले: हुकूमशाही गाडा, संस्था वाचवा. दोन हजार अठराच्या मेमध्ये सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या शाळेत मतपेटी आली. म्हाताऱ्या बायका विचारत होत्या, शिक्का नेमका कुठं मारायचा. यशराजचं पॅनेल तेराच्या तेरा जागांवर निवडून आलं. गुलाल उधळला. पोरांनी आकारामला खांद्यावर उचललं, आणि तो वरून ओरडत होता, "खाली सोडा रं, मला गरगरतंय!"

त्या दोन वर्षांबद्दल मी वाईट बोलणार नाही. चेअरमन यशराजनं पाळ्यांचं वेळापत्रक चावडीवर लावलं. वार्षिक सभा साडेतीन तास चालली, माणसं भांडली, आणि प्रोसिडिंग वाचून दाखवलं गेलं. सीताबाईच्या मळ्याला दर आठव्या दिवशी पाणी आलं. एकोणीसच्या महापुरात जॅकवेल बुडाली, तेव्हा आकारामनं दोन पोरं घेऊन मोटरी उचलून वर काढल्या, गळ्याइतक्या पाण्यात. त्याचा सत्कार झाला. तो मला म्हणाला, "गुरुजी, आता कुणाची चिठ्ठी येत न्हाय. सकाळी उठून कुणाचं नाव वाचायचं न्हाय. झोप लागतीया."

सहायक निबंधकांनी लावलेली जुन्या कारभाराची चौकशी सुरू होती. पुरामुळं लांबली, मग कोरोनामुळं लांबली. एकवीस साल उजाडलं तरी अहवाल नाही. आकाराम विचारायचा, चिठ्ठ्या दाखवल्या का? यशराज म्हणायचा, "योग्य वेळी."

मग जिल्ह्याच्या एका बड्या संघाची निवडणूक जवळ आली. यशराजला तिथं संचालक व्हायचं होतं. त्या संघात मत देतात गावोगावच्या संस्थांचे प्रतिनिधी, आणि आसपासच्या चाळीस गावांचे प्रतिनिधी अजून बापूसाहेबांच्या शब्दात होते. बापूसाहेबांना पाहिजे होतं एवढंच, की चौकशीत नाव येऊ नये. दोघांना एकमेकांची गरज पडली. त्यांची पहिली भेट कुठं झाली, कुणी घडवली, ते मला माहीत नाही. आकारामला कळलं ते असं.

बावीसच्या जूनमध्ये तो चिठ्ठ्यांचं विचारायला शिवाजी पेठेत गेला. सकाळचे नऊ वाजले होते. गल्लीत तालमीच्या कट्ट्यावर पोरं फुटबॉलच्या मॅचवरून वाद घालत होती. यशराजच्या घराचं दार उघडंच होतं. आत सोफ्यावर बापूसाहेब बसले होते, पुढ्यात पोह्यांची बशी.

"ये आकाराम," ते त्याच हळू आवाजात म्हणाले. "बस."

चोवीस वर्षांत त्यांनी त्याला कधी बस म्हटलं नव्हतं. तो उभाच राहिला.

यशराज आतून आला. चेहरा क्षणभर उतरला, मग सावरला. "तात्या, बरं झालं आलात. बापूसाहेब आणि मी हेच बोलत होतो. किती दिवस भांडत बसायचं? गावाला पुढं जायचंय. सुडाचं राजकारण आपल्याला नको."

"सूड न्हाय मागायला आलो," आकाराम म्हणाला. "माझ्या चिठ्ठ्या."

"त्या आहेत. सुरक्षित आहेत."

"मग दे."

यशराजनं त्याला खांद्याला धरून जिन्यापाशी नेलं. आवाज खाली केला. "तात्या, नीट विचार करा. त्या चिठ्ठ्या पुढं आणल्या तर अडकणार कोण? खाली सही नाही कुणाची. अक्षर कुणाचं, ते कोर्टात दहा वर्षं ठरत नाही. पण व्हॉल्व्हवर हात तुमचा होता. ते तुम्हीच लिहून दिलंय. मी तुम्हाला वाचवतोय."

"तवा तू म्हणालास, गाव सोडवलंत."

"सोडवलंतच की. म्हणून तर आज आपण सगळे एकत्र बसू शकतोय."

आतून बापूसाहेबांनी विचारलं, "चहा घेतोय का तो?"

आकाराम जिना उतरला. शिवाजी पेठेतून स्टँडपर्यंत चालत आला, आणि एस.टी. लागली होती तरी बसला नाही. पुढची येईपर्यंत फलाटावर उभा होता. मला त्यानं हे सांगितलं तेव्हा तो रागावलेला नव्हता. "माणूस वळखायला चुकलो," एवढं म्हणाला. "बापूसाहेब बोलायचं तवा कळायचं, ह्याच्यापासनं जपायचं. ह्यानं मला मिठी मारली हुती गुरुजी."

चौकशीचा अहवाल ऑगस्टमध्ये आला. चिठ्ठ्यांचा त्यात उल्लेख नव्हता. संस्थेनं लेखी दिलं होतं, असे कोणतेही कागद उपलब्ध नाहीत. आकारामच्या प्रतिज्ञापत्रातलं पहिलं वाक्य मात्र शब्दशः घेतलं होतं. दुसरं वाक्य 'पुराव्याअभावी ग्राह्य धरता येत नाही.'

सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा. मंडप मोठा, व्यासपीठावर दोन खुर्च्या मधोमध, एकीवर यशराज, दुसरीवर बापूसाहेब. पुष्पगुच्छ झाले. यशराज बोलला, आणि चांगलं बोलला. गावाची एकी, वडीलधाऱ्यांचं मार्गदर्शन, नवी पिढी. टाळ्या झाल्या. मग सेक्रेटरीनं विषय वाचायला घेतले. पहिले दहा विषय रीतसर झाले, प्रश्न विचारले गेले, उत्तरं दिली गेली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण त्या सभेला कुणी हुकूमशाहीची सभा म्हणू शकलं नसतं.

ठराव क्रमांक अकरा. सेक्रेटरीनं वाचला: "सन दोन हजार सहा ते दोन हजार सतरा या काळात काही सभासदांचे पाणी वेळोवेळी बंद राहिले, त्यास पाटकरी श्री. आकाराम ज्ञानू खवरे यांचा मनमानी कारभार जबाबदार असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले आहे. सबब त्यांना सेवेतून कमी करण्यात येत आहे. तत्कालीन संचालक मंडळाचा यात कोणताही संबंध नाही."

आकाराम मंडपात शेवटी, खांबाला टेकून बसला होता. तो उठला. आम्हाला वाटलं ओरडेल, शिव्या देईल. त्यानं नावं घ्यायला सुरुवात केली. "मगदुमांचा वरचा मळा, फेब्रुवारी ते मे. चौगुल्याचा आंब्याखालचा तुकडा, दोन म्हैनं. जाधवांची पट्टी, तीन पाळ्या." एकेक नाव, एकेक शेत. "व्हय, मी बंद केलं. सगळी मीच बंद केली. पण मला काय त्यांचा ऊस जाळून खायाचा हुता? चौगुले, तुमी वाड्यावर कुणाच्या पाया पडलासा? माझ्या पडलासा?"

चौगुले खाली बघत होता. ज्यांची नावं निघाली ते सगळे खाली बघत होते. यशराज शांतपणे माइकवर म्हणाला, "तात्या, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. नोंद घेतली आहे." मग मंडपाकडं वळून, "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. पुष्कळ गेले.

"विरोधात?"

एकच हात वर गेला. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या लुगड्याचा पदर सावरत सीताबाईनं हात वर केला आणि सेक्रेटरी लिहून घेईपर्यंत तसाच धरला.

मी कुठलाच हात वर केला नाही. विरोधात नाही, बाजूनंही नाही. मला वाटलं, हेही एक मत आहे. आज तसं वाटत नाही.

सभा सुटल्यावर आकाराम तिच्या मागोमाग गेला. वेशीपाशी गाठून पाया पडायला वाकला. तिनं पाय मागं घेतले.

"तुझ्यासाठनं केला न्हवता हात," ती म्हणाली. "तुझं माझं हाय ते हायच. त्यांनी खोटं लिवाय काढलंतं. माझा ऊस कुणी जाळला ते मला ठावं हाय, त्यांनी मला शिकवायचं न्हाय."

"बाकीच्यांस्नीबी ठावं हाय की अक्का."

"त्यास्नी पाणी मिळतंय आता," ती म्हणाली आणि गेली.

तिचं खरं होतं. पाणी मिळतंय. नवा पाटकरी आला, वेळापत्रक चावडीवर आहे, गेल्या सात वर्षांत कुणाचा व्हॉल्व्ह दुरुस्तीला निघालेला नाही. यशराज बड्या संघात निवडून गेला. बापूसाहेबांच्या पंचाहत्तरीला त्यानंच गौरवग्रंथ काढला, आणि त्यात 'संस्थेची लोकशाही वाटचाल' असा एक लेख आहे. लेखात आकारामचं नाव नाही. ठरावात मात्र आहे आणि ठराव कायमचा आहे. गावात कुणी नवा सभासद झाला, त्यानं जुनं दप्तर चाळलं, तर त्याला कळेल की कासारमळीत एक पाटकरी होता, तो मनाला येईल त्याचं पाणी तोडायचा.

चिमणाबाई महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही. "मी दारातनं सांगत हुते," एवढंच म्हणायची. मग तेही म्हणायची थांबली.

तेवीस साली संस्थेची निवडणूक लागली. दोन्ही गट मिळून एकच पॅनेल, तेरा जागा, तेरा अर्ज. बिनविरोध होणार, पेढे सांगून ठेवलेले. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी आकाराम कचेरीत गेला. त्याचे स्वतःचे दहा गुंठे आहेत, तोही सभासदच. त्यानं चौदावा अर्ज भरला. सूचक म्हणून सीताबाईची सही.

माघार घे म्हणून सगळे आले. यशराज स्वतः आला. "तात्या, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. निवडणुकीचा खर्च संस्थेच्या डोक्यावर कशाला?"

"मला काय नगं," आकाराम म्हणाला. "मतदान हूं दे. तूच सांगितलंतंस."

मतदान झालं. चिन्ह मिळालं छत्री. त्यानं पत्रक छापलं नाही, सभा घेतली नाही. घरोघर गेला, दारात उभा राहिला, "तुमचं पाणी मी बंद केलंतं, कुणाच्या सांगण्यावरनं ते तुमास्नी ठावं हाय. शिक्का कुठंबी मारा," असं म्हणून पुढच्या दारात गेला. माणसं पाणी विचारायची, तो नको म्हणायचा.

मतमोजणीला मी शाळेत होतो. पॅनेलला तीनशे ऐंशीच्या वर मतं. आकाराम ज्ञानू खवरे, नऊ.

गावात हसले. काही दिवस पोरं त्याला 'नऊ नंबर' म्हणत. तो माझ्याकडं आला तेव्हा गंभीर होता.

"एक माझं," तो म्हणाला. "एक अक्काचं असंल, खात्री न्हाय. सात कुणाची, गुरुजी?"

त्या सातांत एक माझं होतं. मी ते त्याला तेव्हा सांगितलं. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल.

"पडद्याआड शिक्का मारलासा," तो म्हणाला. "मंडपात हात न्हाय उचलला."

तो उठला आणि सायकल काढून गेला.

आता तो कोडोलीच्या रस्त्याला एका रोपवाटिकेत कामाला जातो. सकाळी सातला सायकलवरून निघतो. आमच्या घरावरनं जाताना पूर्वी हाक मारायचा, आता मारत नाही. रोपवाटिकेचा मालक सांगतो, माणूस चोख आहे, फक्त एक खोड आहे. काहीही काम सांगितलं की म्हणतो, लिहून द्या, आणि खाली सही करा.